आसनाच्या रुळांची स्वच्छता आणि पुनर्लेपन : एक संज्ञाविचार

जुन्या मोटारीच्या आसनाखालील पोलादी रूळ हा विषय भाषाशास्त्राच्या संशोधनपत्रिकेत कशासाठी, असा प्रश्न वाचकांच्या मनात येणे स्वाभाविक आहे. हस्तव्यवसायांच्या परिभाषेचा अभ्यास करावयाचा झाल्यास आरंभापासून अखेरपर्यंत नजरेखाली ठेवता येईल असे एखादे लहान काम निवडणे सोयीचे असते. आसनाचे रूळ खोलणे, स्वच्छ करणे, त्यांवर नवा लेप देणे व ते पुन्हा बसविणे हे काम तसे आहे. त्यात गुंतलेली वस्तू हातात मावते. परंतु तिच्यावर चालकाचा जीव अवलंबून असतो. ह्यामुळे येथे शब्दांतील ढिलाई केवळ शब्दांपुरती राहत नाही.

जुनी मोटार पूर्ववत् करण्याच्या उद्योगास इंग्रजीत 'रिस्टोरेशन' म्हणतात. मराठीत त्यासाठी 'जीर्णोद्धार' हा देवळांच्या संदर्भात रुळलेला शब्द सहज सुचतो. दोन्ही शब्दांची व्याप्ती फार मोठी आहे. मळ पुसण्यापासून संपूर्ण भाग नव्याने घडविण्यापर्यंत सर्व क्रिया त्यांच्या पोटात येतात. प्रत्यक्ष कामात मात्र किमान चार क्रिया एकमेकींपासून वेगळ्या ठेवाव्या लागतात : मळ काढणे, गंज काढणे, मोडलेले दुरुस्त करणे आणि लेप देणे. प्रस्तुत लेखात ह्या क्रियांचे स्वरूप एका प्रत्यक्ष उदाहरणाच्या आधारे स्पष्ट करावयाचे असून, त्या ओघात मराठी क्रियापदांच्या कर्मविषयक वर्तनाकडेही लक्ष वेधावयाचे आहे.

१. रुळांची रचना

उदाहरणासाठी अमेरिकेतील फोर्ड कंपनीची पहिल्या पिढीतील मस्टँग ही मोटार घेऊ. तिचे उत्पादन मिशिगन राज्यातील डिअरबॉर्न येथे मार्च १९६४ मध्ये सुरू झाले आणि १७ एप्रिल १९६४ रोजी ती जनतेपुढे आली. आज ती जुन्या मोटारींच्या शौकिनांत अतिशय लोकप्रिय आहे.

तिच्या पुढील प्रत्येक सरकत्या आसनाखाली दोन रूळ असतात. आपल्याकडील गॅरेजांत ह्या भागास 'सीटची रेल' म्हणतात. प्रत्येक रूळ वस्तुतः दोन पन्हळींचा मिळून बनतो. खालची पन्हळ मोटारीच्या तळपत्र्याशी आणि वरची आसनाच्या सांगाड्याशी जखडलेली असते. वरची पन्हळ खालचीच्या कडांना कवळून बसते व दोहोंच्या मध्ये पोलादी गोळे आणि रोलर फिरतात. खालच्या पन्हळीस ठराविक अंतरावर खाचा असतात. बाजूची दांडी ओढली म्हणजे खटका खाचेतून सुटतो. सोडली म्हणजे स्प्रिंगच्या जोराने तो पुन्हा खाचेत पडतो. ही हालचाल एका तारेच्या साहाय्याने दुसऱ्या रुळाच्या खटक्यापर्यंत पोचविली जाते. आसन पुढे सरकण्यास मदत व्हावी म्हणून आणखी एक ताणाची स्प्रिंग असते. रुळांचे चार स्टड तळपत्र्यातून आरपार जातात आणि त्यांचे नट मोटारीच्या खालून, रबरी बुचे काढून, सोडवावे लागतात.

ह्या वर्णनावरून एक गोष्ट ध्यानात येईल. एकाच रुळावर तीन प्रकारचे पृष्ठभाग आहेत. पहिला, गोळे व रोलर ज्यांवर फिरतात तो चालता पृष्ठभाग. दुसरा, खाच आणि खटका ह्यांचा भार पेलणारा पृष्ठभाग. तिसरा, केवळ बाहेरून दिसणारा पृष्ठभाग. पुढील सर्व विवेचन ह्या भेदावर उभे आहे.

२. मळ आणि गंज

मळ आणि गंज ह्यांना आपण बोलताना एकाच दमात 'घाण' म्हणतो. रासायनिक दृष्ट्या त्या भिन्न जातीच्या वस्तू आहेत. मळ बाहेरून आलेला असतो. जुन्या ग्रीसमधील तेल काळाच्या ओघात निथळून जाते व उरलेले हवेतील ऑक्सिजनच्या योगाने घट्ट होते. त्यात धूळ, वाळू आणि गालिच्याचे तंतू रुतून बसतात. असा मळ कितीही काढला तरी रुळाचे पोलाद जसेच्या तसे राहते.

गंज हा ह्याउलट खुद्द रुळातूनच निर्माण झालेला असतो. लोखंड, पाणी व ऑक्सिजन ह्यांच्या संयोगाने बनलेली ती जलयुक्त ऑक्साइडे होत. जेवढे लोखंड खर्ची पडले त्याच्या दुपटीपासून सहापटीपर्यंत जागा गंज व्यापू शकतो. त्यामुळे पन्हळींमधील फटी भरून येतात आणि रूळ जागच्या जागी आवळला जातो. मस्टँगच्या बाबतीत ह्याचे एक ठरलेले कारण आहे. पुढील काचेच्या खालच्या हवाझरोक्यांचा पत्रा कुजला म्हणजे पावसाचे पाणी पुढील आसनांच्या पायथ्याशी झिरपते, गालिच्याखाली साचते आणि तळपत्रा व स्टड ह्यांना गंज चढतो.

गंज काढला म्हणजे पोलाद परत मिळत नाही, एवढे ध्यानात ठेवले पाहिजे. जे पोलाद गेले ते गेलेच. गंज काढल्याने फक्त किती गेले हे दिसू लागते.

३. स्वच्छतेपूर्वीचे वाचन

पाठचिकित्सेशी परिचित असलेल्या वाचकांस पुढील मुद्दा नवा वाटणार नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली. विष्णु सीताराम सुखठणकर ह्यांनी संपादिलेले आदिपर्व १९३३ मध्ये पूर्ण झाले आणि १९६६ मध्ये संपूर्ण संहितेचे काम तडीस गेले. त्या आवृत्तीत जेथे पाठ पुरेसा निश्चित नाही तेथे अक्षरांखाली नागमोडी रेघ दिलेली आढळते. आपण काय ठरविले आणि ते कितपत खात्रीने ठरविले, हे वाचकापासून लपवावयाचे नाही, असा त्यामागील दंडक आहे.

जुन्या रुळालाही हाच दंडक लागू पडतो. त्यावर मळ, नंतरच्या मालकाने फासलेला रंग, कारखान्यातील मूळ लेप आणि पोलाद असे थर एकावर एक बसलेले असतात. त्यांखाली तपासनिसाने लावलेला रंगाचा ठिपका किंवा ठशाने उमटविलेला क्रमांक दडलेला असू शकतो. वरच्या पन्हळीने झाकलेल्या भागात हवा व प्रकाश कमी पोचल्यामुळे मूळ लेप टिकून राहण्याचा संभव सर्वाधिक असतो. म्हणून पहिले काम छायाचित्रे घेणे, मापे टिपणे आणि गोळे, रोलर व स्प्रिंगा कोणत्या क्रमाने बसविल्या आहेत ह्याची आकृती काढणे हे होय. त्यानंतर झाकलेल्या जागी नखाएवढा तुकडा रॉकेलने पुसून खालचा थर कोणता आहे ते पाहावे.

रूळ हा स्वतःच कालनिर्णयाचा पुरावा ठरतो. अगदी आरंभीच्या मस्टँग गाड्यांत चालकाशेजारचे आसन सरकते नव्हते. ते पक्के बसविलेले होते. सरकते आसन नंतर आले. अशा आरंभीच्या गाडीत एखाद्याने 'सुधारणा' म्हणून सरकते रूळ बसविले, तर सोय वाढते, परंतु ती गाडी कोणत्या महिन्यांतील आहे हे सांगणारी एक खूण नाहीशी होते.

जुन्या मोटारींच्या आंतरराष्ट्रीय महासंघाने २०१२ मध्ये स्वीकारलेली तुरिन सनद ह्याच विचारावर आधारलेली आहे. तिचे मूळ स्मारकांच्या संरक्षणासंबंधीच्या १९६४ च्या व्हेनिस सनदेत सापडते. परिरक्षण, संवर्धन आणि पुनःस्थापन ह्या संज्ञा तेथे वेगवेगळ्या ठेवलेल्या आहेत, आणि जेथे पुरावा संपून कल्पना सुरू होते तेथे पुनःस्थापन थांबावे, असे व्हेनिस सनदेचे तत्त्व आहे.

४. काढणे

वाचन संपल्यावर काढण्यास आरंभ करावा. प्रथम मळ. लाकडाच्या किंवा प्लॅस्टिकच्या पट्टीने घट्ट ग्रीस खरवडून काढावे, रॉकेलमध्ये भाग भिजत घालावा आणि साध्या ब्रशाने धुवावा. धातूची पट्टी ह्या टप्प्यावर वापरू नये, कारण ती मळ आणि लेप ह्यांत भेद करीत नाही. जुन्या रंगात शिसे असण्याचा संभव असल्यामुळे तो कोरडा घासून त्याची धूळ उडवू नये.

मळ गेल्यावर पुष्कळदा असे आढळते की गंज केवळ कडांपुरता आहे व मूळ लेप बव्हंशी शाबूत आहे. अशा वेळी काम येथेच थांबविता येते. कडांचा गंज बारीक पोलादी लोकर व तेल ह्यांनी काढून, वंगण घालून, रूळ पुन्हा जोडावा. हाच सर्वांत कमी हानीचा मार्ग होय.

गंज खोलवर असेल तर तीन उपाय प्रचलित आहेत. पहिला आम्लाचा. लिंबूसत्त्व म्हणजे सायट्रिक आम्ल शेकडा ५ ते १० प्रमाणात पाण्यात विरघळवून त्यात रूळ बुडवितात व दर तासाने तपासतात. आम्ल गंज खाऊन झाल्यावर थांबत नाही. ते पुढे पोलादासही लागते, म्हणून वेळेचे भान आवश्यक आहे. दुसरा उपाय विद्युत्-विच्छेदनाचा. धुण्याच्या सोड्याच्या पाण्यात रूळ ऋण टोकास व साध्या लोखंडाचा तुकडा धन टोकास जोडून एकदिश प्रवाह सोडतात. ह्यात हायड्रोजन वायू सुटतो, म्हणून हे काम मोकळ्या हवेत, ज्योतीपासून दूर करावे. धन टोकास स्टेनलेस पोलाद कधीही लावू नये. त्यातील क्रोमियमपासून विषारी संयुगे तयार होतात. तिसरा उपाय लोहाशी बद्ध होणाऱ्या उदासीन द्रावणांचा. ती मंदगतीची व महाग असली तरी पोलादास जवळजवळ धक्का लावीत नाहीत.

खटक्याच्या आणि ताणाच्या स्प्रिंगा पहिल्या दोन उपायांपासून कटाक्षाने दूर ठेवाव्यात. कठीण पोलादात हायड्रोजनचे अणू शिरले म्हणजे ते ठिसूळ होते, आणि अशी स्प्रिंग पुढे केव्हातरी, बाहेरून कोणतेही चिन्ह न दाखविता, तुटते. स्प्रिंगांना तिसरा उपाय किंवा हाताने हलकेच घासणे एवढेच उचित होय.

ओल्या अवस्थेतून बाहेर आलेले उघडे पोलाद फार लवकर नव्याने गंजते. मुंबई-रत्नागिरीच्या दमट, खाऱ्या हवेत तर ह्या बाबतीत विलंबास मुळीच वाव नाही. आम्लातून काढलेला भाग खाण्याच्या सोड्याच्या पाण्यात धुऊन, गरम हवेने वाळवून, लेप देण्यास अवकाश असेल तर ताबडतोब तेल लावून ठेवावा.

येथे दुरुस्तीचा प्रश्न उद्भवतो. स्टड गंजून बारीक झाला असेल, खाचेच्या कडा गोल झाल्या असतील किंवा खटक्याचे टोक झिजले असेल, तर त्या भागावर लेप देण्यात अर्थ नाही. झिजलेल्या खाचेवर रंग चढविल्याने ती नवी दिसते, नवी होत नाही. तो भाग बदलणे व बदलल्याची नोंद ठेवणे हेच योग्य.

५. लेपाची जाडी

लेप म्हटले की आपले लक्ष रंगाकडे व चकाकीकडे जाते. रुळाच्या बाबतीत लेपाचा सर्वांत महत्त्वाचा गुण म्हणजे त्याची जाडी. ती मायक्रॉनमध्ये, म्हणजे मिलिमीटरच्या हजाराव्या भागात, मोजतात. जस्ताचा विद्युत्-मुलामा सामान्यतः ५ ते १२ मायक्रॉन, फॉस्फेटचा लेप ५ ते १५ मायक्रॉन, अस्तरासह फवारलेला रंग ५० ते ७५ मायक्रॉन आणि पावडर कोटिंग ६० ते १०० मायक्रॉन जाड असते.

ह्या आकड्यांचा अर्थ एका कल्पित हिशेबाने स्पष्ट होईल. समजा, खाच खटक्याच्या टोकापेक्षा ०.२ मिलिमीटर, म्हणजे २०० मायक्रॉन, रुंद आहे. खाचेच्या दोन भिंती व टोकाच्या दोन बाजू मिळून चार पृष्ठभाग झाले. प्रत्येकावर ८ मायक्रॉन जस्त चढविले तर ३२ मायक्रॉन जागा भरते. खटका निर्वेध बसतो. प्रत्येकावर ५० मायक्रॉन रंग दिला तर २०० मायक्रॉन, म्हणजे सर्व मोकळी जागा, संपते. ८० मायक्रॉनचे पावडर कोटिंग दिले तर ३२० मायक्रॉन होतात आणि खटका खाचेत शिरतच नाही. तो वर टेकून राहतो. बसणाऱ्यास आसन घट्ट वाटते, कारण जाड लेपामुळे पन्हळीही आवळलेल्या असतात. पुढे वापराने लेप झिजतो, पन्हळी मोकळ्या होतात, आणि एखाद्या चढावर क्लच दाबताना आसन एकाएकी मागे सरकते. चालकाचे पाय पायपट्ट्यांपर्यंत पोचत नाहीत. सर्वांत सुंदर दिसणारा लेप अशा रीतीने सर्वांत घातक ठरू शकतो.

ह्यावरून तीन पृष्ठभागांचे तीन नियम निघतात. चालत्या पृष्ठभागावर रंग देऊ नये. तेथे फॉस्फेटसारखा पातळ, तेल धरून ठेवणारा लेप किंवा नुसते वंगण पुरते. खाच व खटका ह्यांवर फॉस्फेट किंवा पातळ मुलामा चालतो. दिसणाऱ्या पृष्ठभागावर, वाचनात जो मूळ लेप आढळला असेल त्याच्याशी जुळणारा रंग, बाकीचे भाग झाकून, द्यावा.

फॉस्फेट-लेपाची प्रक्रिया जुनी आहे. टॉमस वॉट्स कॉस्लेट ह्यांनी १९०६ मध्ये तिचे ब्रिटिश एकस्व मिळविले आणि पुढे अमेरिकेत पार्कर कंपनीने तिचा प्रसार केला. तीवरून 'पार्करायझिंग' हा शब्द रूढ झाला. फॉस्फरिक आम्लाच्या उष्ण द्रावणात पोलादाचा अगदी वरचा थर स्वतःच फॉस्फेटच्या स्फटिकांत रूपांतरित होतो. स्फटिकांमधील सूक्ष्म पोकळ्या तेल शोषून घेतात. तेलाविना मात्र हा लेप गंजापासून फारसे संरक्षण देत नाही, हे विसरू नये. मुलाम्याच्या बाबतीत पुन्हा हायड्रोजनचा धोका आहे. कठीण पोलादाचा भाग मुलामा दिल्यानंतर थोड्या तासांच्या आत भट्टीत ठेवून, १९० अंश सेल्सियसच्या आसपास कित्येक तास तापवावा लागतो. मुलामा देणाऱ्यास हे आधी सांगावे; नंतर सांगून उपयोग नसतो.

६. जोडणी व परीक्षा

गोळे आणि रोलर ह्यांवर खड्डे पडलेले असतील तर त्याच मापाचे नवे घालावेत. ग्रीस पातळ थराने, फक्त चालत्या पृष्ठभागावर लावावे. जास्त लावलेले ग्रीस धूळ ओढून घेते आणि जुनाच मळ पुन्हा सुरू होतो. दोन्ही रुळांचे खटके एकाच क्षणी पडतात की नाही हे तार जुळवून पाहावे. एकच खटका पडला तर आसन तिरपे जोर घेते व सर्व भार एका खाचेवर येतो.

हा भार किती असू शकतो ह्याची कल्पना अमेरिकेच्या संघराज्य सुरक्षामानक क्रमांक २०७ वरून येते. ते १ जानेवारी १९६८ पासून लागू झाले. त्यानुसार आसनाने व त्याच्या बांधणीने आसनाच्या वजनाच्या वीसपट जोर पुढच्या व मागच्या दिशेने सहन केला पाहिजे. आसन १५ किलोग्रॅम वजनाचे धरले तर हा जोर ३०० किलोग्रॅम भाराइतका होतो. आपल्या उदाहरणातील मोटारीच्या ज्या गाड्या ह्या तारखेपूर्वी तयार झाल्या त्यांना ते कायद्याने लागू नव्हते. रुळाकडून काय अपेक्षावे हे समजण्यास मात्र तो आकडा उपयोगी आहे. मोटार रस्त्यावर नेण्यापूर्वी आसन प्रत्येक खाचेत अडकवून, दोन्ही हातांनी पुढे-मागे जोराने हिसडून पाहावे. प्रत्येक ठिकाणी खटका पूर्ण खाली गेलेला डोळ्यांनी पाहिल्याशिवाय काम पुरे झाले असे मानू नये.

७. क्रियापदांची साक्ष

आता मूळ प्रश्नाकडे वळू. वरील विवेचनात आलेली क्रियापदे तपासली असता त्यांचे दोन वर्ग पडतात. 'गंज काढला', 'मळ खरवडला', 'मुलामा चढविला', 'ग्रीस लावले' ह्या वाक्यांत जे गेले किंवा जे आले तेच कर्म आहे. 'रूळ साफ केला', 'रूळ चकचकीत केला', 'रुळाचा जीर्णोद्धार केला' ह्या वाक्यांत केवळ वस्तूचा उल्लेख आहे. तिच्यातून काय गेले आणि तिच्यावर काय आले हे वाक्य सांगत नाही. 'घासणे' हे क्रियापद दोन्ही वर्गांच्या सीमेवर उभे आहे. 'रूळ घासला' असे म्हटले असता मळ गेला, गंज गेला, मूळ लेप गेला की पोलादही गेले, हे ऐकणाऱ्याने तर्काने ओळखावयाचे असते.

गॅरेजमध्ये शिकाऊ मुलास 'ही रेल साफ कर' असे सांगितले जाते, तेव्हा तो हाती लागेल त्या तारेच्या ब्रशाने चारही थर एकाच वेळी नाहीसे करतो. त्यात त्याचा दोष नाही. त्याला दिलेल्या वाक्यात थरांचा उल्लेखच नव्हता. 'आधी मळ काढ, मग मला दाखव' ह्या वाक्यात तो आहे, आणि त्यासाठी एकही नवी संज्ञा घडवावी लागलेली नाही.

आपल्याकडील परिभाषाकोशांत नामांना प्रतिशब्द देण्याकडे लक्ष अधिक असते. ह्या विद्यापीठातील जे विद्यार्थी हस्तव्यवसायांच्या शब्दावलीचे संकलन करीत आहेत, त्यांना एवढेच सुचवावेसे वाटते की, प्रत्येक क्रियापदापुढे त्याचे कर्म आणि त्या क्रियेचा परिणाम ह्यांचीही नोंद करावी : काय निघाले, काय चढले, आणि जे निघाले ते परत आणता येण्याजोगे आहे काय. ह्या तिसऱ्या रकान्यात 'नाही' असे उत्तर येईल तेथे कारागिराने हात थांबवून एकदा विचार करावा, आणि कोशकारानेही त्या क्रियापदाचा अर्थ सैल ठेवू नये.